चौदा नावं, एक अनुभवी मंत्री

पहाटे साडेपाचला सहाव्या मजल्यावर पोचली की मालसुन मंत्र्यांच्या रिकाम्या खोलीचं दार तीनदा वाजवायची, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची आणि मगच आत पाऊल टाकायची. आत कुणी नाही हे तिला ठाऊक असे. किल्ली तिच्याच हातात असे. नव्या आलेल्या बायकांना वाटे, केवढा हा आदर! तसं काही नव्हतं. फार वर्षांपूर्वी एकदा दार न वाजवता ती आत गेली होती, तेव्हा सोफ्यावर एक उपसचिव नुसत्या मोज्यांवर घोरत पडला होता. त्याच दिवशी नऊ वाजता तो खालच्या सभागृहात शिस्तीवर तासभर बोलला.

"त्यांना लाज वाटावी म्हणून नाही गं वाजवत," ती सांगायची, "मला पुन्हा ते बघायला लागू नये म्हणून."

बावीस वर्षं ती सेऊलमधल्या त्या सरकारी इमारतीत झाडलोट करत होती. मूळची ती पूर्वेकडच्या डोंगरातली, कोळशाच्या खाणीवरची. खाणी बंद पडल्या. नवऱ्याची छाती त्याच्या आधीच बंद पडली होती. लेक आणि एक शिवणयंत्र घेऊन ती राजधानीत आली. यंत्र विकलं गेलं, लेक लग्न होऊन बुसानला गेली, आणि मालसुन चौसष्ट वर्षांची झाली. उंचीने लहान, पाठीला किंचित बाक, हात मात्र एवढे मोठे की रबरी हातमोजे पुरुषांच्या मापाचे लागत.

इतर लोक साहेबांना भाषणावरून ओळखतात. मालसुन कचऱ्याच्या डब्यावरून ओळखायची. काटकसरीची परिपत्रकं काढणाऱ्याच्या डब्यात अर्धवट खाल्लेली महागडी परदेशी फळं निघत. जनतेची पत्रं हे आमचं बळ आहे, असं म्हणणाऱ्याच्या डब्यात ती पत्रं न उघडलेली सापडत. बावीस वर्षांत सहा राष्ट्राध्यक्ष आले नि गेले, भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या, घोषणांचे रंग बदलले. डब्यांतला कचरा तोच राहिला. त्यामुळे तिच्या मनात या माणसांविषयी राग उरला नव्हता. रागाला थोडी तरी अपेक्षा लागते. तिच्याकडे होता तो निव्वळ तुच्छभाव, रोज घासून लख्ख ठेवलेल्या भांड्यासारखा.

एवढं शिकूनही एकदा ती फसली, आणि ते तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या वर्षी वसंतात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. सुधारणेची भाषा करणारा एक उमेदवार पाहणीसाठी इमारतीत आला आणि सगळ्यांना चकवून थेट तळघरात, जिन्याखालच्या त्या तिरप्या छताच्या खोपटात शिरला. तिथे चौदा सफाईवाल्या बायका माना वाकवून बसत, डबे खात, पाय चोळत. शिरताना त्याचं डोकं छताला आपटलं. तो हसला, बूट काढून जमिनीवर बसला. मालसुनने डबा पुढे केला, तर त्याने किमबापचे, समुद्री पानात गुंडाळलेल्या भाताचे, दोन तुकडे खाल्ले, वर मुळा मागून घेतला. मग खिशातून वही काढली.

"मला तुमची नावं सांगा. सगळ्यांची."

चौदा नावं त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. कुणाचं वय काय, किती वर्षं इथे, तेही. दर डिसेंबरात ठेकेदार नवा कागद करतो, तेव्हा पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे पंधरवडाभर कुणालाच माहीत नसतं, हेही त्याने वहीत टिपून घेतलं.

"निवडून आलो तर माझी पहिली सही तुमच्यासाठी," तो म्हणाला. "तुम्ही ठेकेदाराच्या नाही, सरकारच्या असाल. चौदाच्या चौदा."

तो गेल्यावर शेजारच्या दोंगहाच्या आईने विचारलं, "ताई, खरं वाटतं तुला?"

दोंगहाची आई बावन्न वर्षांची, भित्री, गुडघ्याने अधू, आणि मालसुनच्या सावलीत वाढलेली. मालसुनने डब्याचं झाकण लावलं.

"मुळा मागून खाल्ला गं त्याने," ती म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस मागून खात नाही. वाढलेलं चिवडतो."

एवढ्या पुराव्यावर तिने विश्वास टाकला. बावीस वर्षांच्या डब्यांनी जे शिकवलं ते एका मुळ्याच्या फोडीने पुसून टाकलं.

तो निवडून आला. बायकांनी तळघरात टाळ्या वाजवल्या. दोन आठवड्यांनी दुपारी खोपटातल्या छोट्या टीव्हीवर नव्या मंत्र्यांची नावं जाहीर होत होती. राष्ट्राध्यक्षांचे प्रवक्ते गंभीर चेहऱ्याने सांगत होते की सुधारणा करायच्या तर यंत्रणा आतून ठाऊक असलेली, मुरलेली माणसं हवीत; नवशिक्यांच्या हाती देश देता येत नाही. मग या इमारतीतल्या खात्याच्या मंत्र्याचं नाव आलं. ग्वाक तेसान. तीस वर्षांचा प्रशासकीय अनुभव.

मालसुन सफरचंद सोलत होती. तिची सुरी थांबली.

"कोण गं हा?" दोंगहाच्या आईने विचारलं.

"ओळखत नाहीस? तू नंतर आलीस." मालसुनने फोड तोंडात टाकली. "यानेच तर आपल्याला या खोपटात कोंबलं."

तो हिवाळा तिला स्पष्ट आठवत होता. देशाची तिजोरी रिकामी झाली होती, लोक घरातलं सोनं सरकारला नेऊन देत होते. ग्वाक तेव्हा संचालक होता, चाळिशीच्या आतला, केस चपचपीत बसवलेला. तोवर सफाईच्या बायका खात्याच्याच नोकर होत्या. त्यांना छातीवर लावायचं ओळखपत्र होतं आणि त्या पुढच्या दरवाजाने आत येत. ग्वाकने सगळ्यांना आपापला नावाचा शिक्का घेऊन सभागृहात बोलावलं. टेबलावर लाल शाईची डबी त्याने स्वतः उघडून ठेवली होती. "देशासाठी सगळ्यांनाच थोडं सोसायचंय," तो म्हणाला. "बदलणार फक्त कागद. काम तेच, खोली तीच, माणसं तीच." बायकांनी एकेक करून राजीनाम्यावर शिक्का उठवला. वर वाकून त्याचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्याच बायका ठेकेदाराच्या झाल्या. ओळखपत्रं गेली. पुढचा दरवाजा गेला. महिन्याभरात खिडकीची खोलीही गेली, तिथे फायली ठेवल्या. काम तेवढं तेच राहिलं, हे मात्र तो खरं बोलला होता.

"पण ताई, ते म्हणतायत की अनुभवी माणूस लागतो," दोंगहाची आई म्हणाली.

"ढेकणालाही खाटेचा अनुभव असतो. म्हणून खाट दुरुस्त करायला त्याला बोलावतं का कुणी?"

बायका हसल्या. मालसुन हसली नाही. तिला त्या मुळ्याची आठवण येत होती, आणि तोंड कडू झालं होतं.

ग्वाक येण्याआधी त्याच्या खोलीत ऑर्किडच्या कुंड्या आल्या. तिथली रीतच ती. नव्या पदावर कुणी बसलं की अभिनंदनाची ऑर्किडं येतात, पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेली रेशमी फीत प्रत्येकीला बांधलेली. सत्तर कुंड्या आल्या. पाणी घालायचं काम मालसुनकडे. तिने सगळ्या फिती वाचल्या. मागच्या मंत्र्याला, त्याच्या मागच्याला, आणि त्याच्याही मागच्याला ज्यांनी फुलं पाठवली होती तीच नावं, त्याच क्रमाने. ज्यांच्याविरुद्ध सुधारणा होणार असं निवडणुकीत सांगितलं होतं त्यांची फुलं तर सगळ्यात टपोरी होती.

संसदेत ग्वाकची उलटतपासणी झाली. कुणीतरी त्या जुन्या राजीनाम्यांबद्दल विचारलं. तो खुर्चीतून उठून कमरेत वाकला. "त्या काळाची ती गरज होती. मला मनापासून खेद आहे," म्हणाला आणि बसला. वाकताना त्याने कोटाचं बटण सराईतपणे लावलं आणि बसताना काढलं. एवढा खेद कसा बेताबेताने करावा, हे अनुभवाशिवाय जमत नाही.

आणि तो मंत्री झाला.

दहा दिवसांनी सकाळी त्याच्या डब्यात मालसुनला एक मसुदा सापडला. त्यावर कॉफीचा गोल डाग पडला होता, म्हणून दुसरी प्रत काढून ही फेकलेली. मालसुन सहसा वाचत नसे, पण वर 'सफाई कर्मचारी' असं दिसलं. ती उभ्या उभ्या वाचत गेली. सफाईच्या बायकांना सरकारी सेवेत घेण्याची योजना होती. खाली एक ओळ होती: सरकारी नियमांनुसार साठ वर्षांवरील व्यक्ती पात्र नाहीत, त्यांचं काम डिसेंबरअखेर ठेक्यासोबत संपेल.

चौदांपैकी पाच जणी साठीच्या पुढे होत्या. ठेकेदाराकडे निदान पाठ मोडेपर्यंत ठेवून घ्यायची पद्धत होती. सुधारणा झाली आणि तीही गेली.

कागद चौपदरी घडी करून तिने एप्रनच्या खिशात ठेवला. तिच्या घरभाड्याचं, औषधाचं, हिवाळ्यातल्या शेगडीचं सगळं काही या कामावर चालत होतं. बुसानला लेकीच्या दोन खोल्यांत सासूही राहत होती. जायला दुसरी जागा नव्हती.

त्याच आठवड्यात जिन नावाचा एक तरुण अधिकारी खोपटाशी आला. आत यायला वाकावं लागतं म्हणून दारातच उभा राहिला. मागे ठेकेदाराचा मुकादम बोंग हात चोळत.

"मंत्रीसाहेब शुक्रवारी तुमच्याबरोबर नाश्ता करणार आहेत," जिन म्हणाला. "उपाहारगृहात. कॅमेरे असतील. नुसतं साधं जेवण, सोयाबीनच्या मोडांचं सूप, भात. मालसुनबाई, तुम्ही सगळ्यात वडील ना? मग तुम्ही साहेबांच्या समोर बसा."

"समोर कशाला? मी कडेला बरी."

"नाही नाही, साहेबांचीच कल्पना आहे. वयाने मोठं माणूस चमचा उचलत नाही तोवर कुणी जेवत नाही, हो ना? साहेब तुमच्यासाठी थांबतील. तुम्ही उचललात की मग ते उचलतील. एक मंत्री सफाईच्या बाईसाठी थांबतो! फोटो काय येईल बघा."

"आणि मी उचलला नाही तर?"

जिन मनापासून हसला. बोंग मुकादम हसला नाही. तो मागे रेंगाळला आणि आत डोकं घालून म्हणाला, "मावशी, यादी त्यांच्याच टेबलावर आहे. गपगुमान खा. बाकीच्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"तुझं काय जातंय? तुझा ठेका तर जाणारच."

"म्हणून तर सांगतोय. मला आता खोटं बोलून काय मिळणार?"

हे पटण्यासारखं होतं, आणि बोंगच्या तोंडून पटण्यासारखं काही निघालं याचाच तिला जास्त राग आला.

शुक्रवारी लांब टेबल मांडलं होतं. बायकांना नवे कोरे एप्रन दिले होते. प्रत्येकीच्या वाडग्याशेजारी एक निळी डबी होती. आत मनगटी घड्याळ, तबकडीवर राष्ट्राध्यक्षांची सही छापलेली. राष्ट्राध्यक्षांकडून सप्रेम भेट. बायका डबी उघडून बघत होत्या, बंद करत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"ही का ती पहिली सही?" मालसुन दोंगहाच्या आईच्या कानात म्हणाली. "जपून ठेव. पावसात भिजली तर बंद पडेल."

"ताई, आज नको ना."

ग्वाक आला. केस पिकले होते, पण तसेच चपचपीत. आल्या आल्या तो बायकांसमोर वाकला, कॅमेऱ्यांना पुरेल इतका वेळ. मालसुनसमोर बसला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मावशी, आपली तर जुनी ओळख."

"हो साहेब. लाल शाईची."

त्याचे डोळे क्षणभर हलले. मग तो मोठ्याने हसला. त्याच्या मागे उभा जिनही हसला, काय म्हणाली ते कळलं नसूनही.

"मावशी, तुम्ही वडील. आधी तुम्ही सुरुवात करा."

वाफाळतं सूप समोर होतं. चौदा बायका, एक मंत्री, दोन सचिव, सगळ्यांचे हात मांडीवर. कॅमेरे पुढे सरकले. मालसुनने चमच्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवरच ठेवला.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना! त्यासाठीच तर आलोय."

"राष्ट्राध्यक्ष आमच्या खोपटात आले होते. त्यांनी वहीत चौदा नावं लिहिली. मी डोळ्यांनी बघितलं. तुमच्या कागदात नऊच आहेत. पाच कुठे गळाली?"

कुणी घसा खाकरला. सचिव वाडग्यात बघू लागले. ग्वाकचा चेहरा जराही बदलला नाही. तीस वर्षं त्याने हेच तर कमावलं होतं.

"अजून काही ठरलेलं नाही, मावशी. मसुदा आहे. सगळ्या बाजूंनी तपासून बघू."

तपासून बघू. या दोन शब्दांनी संपलेले कागद मालसुनने पोत्यांनी भरून खाली नेले होते.

"बघा की मग," ती म्हणाली. "मी थांबते."

तिने हात हलवला नाही. त्यामुळे कुणालाच हात हलवता येईना. देशाचा मंत्री, परदेशात शिकलेला, समोर भात असून उपाशी बसला होता, कारण त्यानेच तिला वडीलकीचा मान दिला होता आणि कॅमेऱ्यासमोर दिलेला मान कॅमेऱ्यासमोर काढून घेता येत नाही. सुपावरची वाफ विरळ झाली. मोड तळाशी बसले.

"मावशी," ग्वाक मऊ आवाजात म्हणाला, "सूप निवतंय."

"निवू द्या. आम्ही निवलेलंच खातो."

"तुमच्या भावना मी समजू शकतो. पण नियम सगळ्यांना सारखे..."

"नियम साहेब तुमच्या घरचेच. त्या हिवाळ्यात एका दुपारीत बदलले होते. आता एक ओळ खोडायला काय लागतं? पेन नसेल तर मी देते. तुमच्याच डब्यातून काढलंय, चालू आहे."

बायकांमधून एक हुंदक्यासारखं हसू फुटलं आणि दाबलं गेलं. ग्वाकच्या कपाळावर, केसांच्या कडेला, घामाचा एक थेंब आला. मालसुनला तो दिसला. एवढ्या वर्षांत या माणसाकडून तिला मिळालेली ती एकमेव खरी गोष्ट होती.

मग ग्वाक किंचित पुढे झुकला. ओठ फारसे न हलवता, कॅमेऱ्यांना ऐकू जाणार नाही असं बोलला. "मावशी, नऊंवरही माझी सही व्हायचीय अजून."

चेहऱ्यावर हसू तेच होतं.

टेबलाखाली दोंगहाच्या आईचा हात मालसुनच्या गुडघ्यावर आला. थंडगार. ती नऊंतली होती. तिचा मुलगा बारावीला होता.  ती नुसता गुडघा दाबत राहिली. मालसुनने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचाही तिरस्कार वाटला असता, आणि तो तिला वाटू द्यायचा नव्हता. तेवढी एक जागा तिला त्यातून शिल्लक ठेवायची होती.

तिने चमचा उचलला.

कॅमेरे खटाखट वाजले. ग्वाकने लगेच उचलला, मग सचिवांनी, मग सगळ्यांनी. मालसुनने चमचा सुपात बुडवला, वर काढला, पुन्हा बुडवला. घोट घेतला नाही. ग्वाकने मात्र वाडगं तळापर्यंत संपवलं, वर दुसऱ्यांदा भात मागितला. सकाळपासून त्याला खरोखरच भूक लागली असावी.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो आला. मंत्री आदराने वाट बघतो आहे आणि चौसष्ट वर्षांची सफाई कामगार चमचा उचलते आहे. एका अग्रलेखात लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी मुरलेल्या माणसांवर टाकलेला विश्वास सार्थ ठरतो आहे. अनुभवाला जेव्हा नम्रता लाभते तेव्हाच खरी सुधारणा घडते. मालसुनने ते वर्तमानपत्र ओलं करून मंत्र्यांच्या खिडकीच्या काचा पुसल्या. काचा चांगल्या निघाल्या.

शरद ऋतूत नऊ बायका सरकारी झाल्या. त्यांना ओळखपत्रं मिळाली. पहिल्या दिवशी पुढच्या दरवाजाने येताना दोंगहाची आई मालसुनसाठी थांबली, आणि मालसुन तिला ढकलून म्हणाली, "जा पुढे. दारात उभी राहिलीस तर वाटेल फुलंवाली आलीय." स्वतः ती तळघराच्या वाटेने गेली. राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर सांगितलं की दिलेला शब्द पाळला. आकडा त्यांनी सांगितला नाही. ती वही त्यांनी पुढे कधी उघडली का, कोण जाणे. मालसुनच्या मते ती एव्हाना कुठल्यातरी डब्यात गेली होती, आणि तो रिकामा करणाऱ्या बाईने ती वाचलीही नसेल.

त्या एका सकाळीबद्दल चौकशी झाली नाही, तिला कुणी रागावलं नाही, सूडही घेतला नाही. ग्वाक जिन्यात भेटला तर मान लववायचा. तिला तेच सगळ्यात जास्त लागलं. आपण त्याच्या वाटेत आलोच नव्हतो, हे तो तिला दर वेळी शांतपणे सांगून जात होता.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी पाच जणींनी एप्रन घडी करून ठेवले. बोंग मुकादमाने, ज्याचंही काम त्याच दिवशी संपलं होतं, प्रत्येकीला संत्र्यांची एक पेटी दिली. चौघी रडल्या. मालसुनने घड्याळाची निळी डबी खोपटातल्या कपाटात तशीच सोडली, बुटांचे बंद बांधले आणि संत्र्यांची पेटी काखेत मारली.

दोंगहाची आई दारात उभी होती. तिला काहीतरी मोठं बोलायचं होतं. क्षमा मागायची होती बहुधा. तिने तोंड उघडलं. मालसुनने तिला बोलू दिलं नाही.

"फडकी भिजत घातलीत मागच्या मोरीत," ती म्हणाली. "आठच्या आत पिळून टाक, नाहीतर कुबट वास मारतो."